साखळी, सर्पगंधा आणि उलटीची गोळी

घरात कुणाला भोवळ आली, अर्धशिशीने उलट्या सुरू झाल्या, प्रवासात पोटात ढवळून आलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक इवलीशी गोळी आणली जाते. स्टेमेटिल हे तिचं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं नाव. आतल्या औषधाचं नाव प्रोक्लोरपेराझिन. कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी. प्रत्यक्षात ती पर्समध्ये, फ्रीजवरच्या डब्यात, हजला निघालेल्या आजीच्या पिशवीत सापडते. शेजारीण मागायला आली तर आपण दोन गोळ्या कापून देतो. त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही.

याच औषधाचं माहितीपत्रक मात्र वेगळी गोष्ट सांगतं. मळमळ, उलटी, चक्कर यांच्या पुढे तिथे स्किझोफ्रेनिया आणि मॅनिया हे शब्दही छापलेले असतात. उलटीसाठी पाच-दहा मिलिग्रॅम पुरतात. तीव्र मनोविकारात हेच औषध दिवसाला शंभर मिलिग्रॅमपर्यंत आणि कधी त्याच्याही वर दिलं गेलेलं आहे. रेणू एकच असतो. पण पहिल्या कारणासाठी आलेली गोळी टेबलावर उघडी पडलेली असते आणि दुसऱ्या कारणासाठी आलेल्या गोळीचं पाकीट पाहुणे यायच्या आत कपाटात जातं. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर डॉक्टरांची फाइलही शेजारच्या गावी ठेवली जाते.

ही लाज औषधासोबत आलेली नाही, ती आपण नंतर चिकटवली. ते नीट समजून घ्यायचं तर या औषधाच्या घराण्याचा इतिहास पाहावा लागतो. त्यात जर्मनीचे रंगारी आहेत, ट्युनिशियातला एक फ्रेंच सर्जन आहे, दिल्लीचे हकीम आहेत आणि मुंबईचा एक डॉक्टरही आहे.

रंगाच्या कारखान्यातून

१८७६ साली जर्मनीच्या बी.ए.एस.एफ. कंपनीत हाइनरिश कारो या रसायनतज्ज्ञाने एक निळा रंग तयार केला. कापड रंगवायला केलेला हा रंग मेथिलीन ब्लू या नावाने प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं, की हा रंग काही पेशी आणि जंतू नेमके पकडतो. पॉल एर्लिश यांनी त्यावरून साधा प्रश्न केला. रंग जंतूला पकडतो, तर तो त्याला मारू शकेल का? १८९१ साली त्यांनी आणि पॉल गुटमान यांनी बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू दिलं. दोघांनाही उतार पडला. प्रयोगशाळेत तयार केलेला पदार्थ माणसाच्या आजारावर वापरल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

या रंगाच्या रचनेचा शोध घेताना आउगुस्ट बर्न्टसेन यांना १८८३ साली त्याचा मूळ सांगाडा सापडला होता. त्याला फिनोथायझिन म्हणतात. एका बाजूला गंधक, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन आणि दोन्हीकडे एकेक बेंझिनचं कडं. पुढे अनेक दशकं हा सांगाडा जवळपास पडून राहिला. १९३०च्या दशकात तो कीटकनाशक म्हणून आणि मग मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवरचं औषध म्हणून वापरात आला. मनाशी त्याचा काही संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात क्विनाइनचा तुटवडा पडला. हिवतापावर नवं औषध शोधताना फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीतले पॉल शार्पांतिए यांनी फिनोथायझिनला वेगवेगळ्या शेपट्या जोडून पाहिल्या. हिवतापावर यातलं काहीच चाललं नाही. पण त्यातली काही संयुगं अ‍ॅलर्जीवर गुणकारी निघाली आणि ती घेतली की झोप यायची. प्रोमेथाझिन हे त्यातलं एक. आपल्याकडे फेनरगन म्हणून मिळतं तेच. एसटीने घाट चढायच्या आधी घेतली जाणारी अ‍ॅव्होमिनची गोळीही त्याच प्रोमेथाझिनची. म्हणजे उलटीशी या घराण्याचं नातं सुरुवातीपासूनच आहे.

बिझर्टचा सर्जन

ट्युनिशिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथल्या बिझर्ट बंदराजवळच्या नौदलाच्या इस्पितळात आंरी लाबोरी नावाचा सर्जन काम करत होता. शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही काही रुग्ण नंतर शॉकमध्ये जाऊन दगावत. लाबोरी यांचा अंदाज होता की शरीर जखमेला जो अतिरेकी प्रतिसाद देतं, तोच त्याला मारतो. तो प्रतिसाद आधीच मंद केला तर? त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी प्रोमेथाझिन द्यायला सुरुवात केली. शॉकचं पुढे काय झालं ते बाजूला राहिलं. लाबोरींच्या नजरेत भरली ती वेगळी गोष्ट. रुग्ण शांत असत, पण बेशुद्ध नसत. वेदना आहे हे त्यांना कळे, पण तिची धास्ती वाटत नसे.

पॅरिसला परतल्यावर लाबोरींनी कंपनीकडे मागणी केली. अ‍ॅलर्जीचं काम कमी आणि हे शांतवण्याचं काम जास्त करणारं औषध हवं. डिसेंबर १९५० मध्ये शार्पांतिए यांनी फिनोथायझिनच्या कड्यावर क्लोरीनचा एक अणू बसवला आणि ४५६० क्रमांकाचं संयुग तयार झालं. तेच क्लोरप्रोमाझिन.

कंपनीत प्राण्यांवरचे प्रयोग सिमोन कुर्व्हाझिए करत असत. घंटी वाजली की विजेचा झटका बसणार हे उंदरांना शिकवलेलं होतं. घंटी ऐकताच ते दोरावर चढत. ४५६० दिल्यावर ते चढेनात. अंगात बळ होतं, झटका बसल्यावर ते पळतही होते, पण इशाऱ्याची भीती संपली होती. दुसऱ्या एका प्रयोगात कुत्र्यांना अपोमॉर्फिन टोचण्यात आलं. ते टोचलं की हमखास उलटी होते. क्लोरप्रोमाझिन आधी दिलं असेल तर होत नसे. मन शांत करण्याचा आणि उलटी थांबवण्याचा, असे दोन्ही गुण एकाच प्रयोगशाळेत एकाच पदार्थात दिसले होते. ते एकत्र का नांदतात हे कळायला मात्र आणखी बारा-तेरा वर्षं जायची होती.

पॅरिस, १९५२

लाबोरी मनोविकारांचे डॉक्टर नव्हते, पण ते सहकाऱ्यांच्या मागे लागले. १९ जानेवारी १९५२ रोजी पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी इस्पितळात चोवीस वर्षांच्या एका तरुणाला हे औषध देण्यात आलं. त्याला तीव्र मॅनिया होता. सोबत इतर उपचारही चालू होते. तीन आठवड्यांत तो घरी जाण्याइतका सावरला. त्यानंतर काही महिन्यांतच सेंट-अ‍ॅन इस्पितळातल्या झां दले आणि पिएर देनिकेर यांनी एकटं क्लोरप्रोमाझिन देऊन रुग्ण पाहिले आणि त्या वर्षीच निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच साली औषध फ्रान्समध्ये लार्गॅक्टिल या नावाने बाजारात आलं. त्याचं काम विस्तृत आहे, म्हणून हे नाव.

या बातमीचं वजन समजायला त्याआधीचे वॉर्ड डोळ्यांपुढे आणावे लागतात. मनोरुग्णाला देण्यासारखं डॉक्टरांच्या हातात होतं काय? बार्बिट्युरेटची गुंगी, इन्शुलिनने आणलेली बेशुद्धी, विजेचे झटके, थंड पाण्याच्या ओल्या चादरीत गुंडाळणं, मेंदूची चिरफाड आणि बंद खोली. आवाज ऐकू येणारा, कुणीतरी मागावर आहे म्हणून रात्रभर ओरडणारा माणूस झोपवता येत होता. त्याला जागं ठेवून भीतीतून बाहेर काढता येत नव्हतं. ते या औषधाने पहिल्यांदा घडलं. सेंट-अ‍ॅनच्या वॉर्डातला कल्लोळ कमी झाला, असं तिथल्या लोकांनी नोंदवून ठेवलं आहे.

आधी उलटीचं, मग मनाचं

अमेरिकेत हे औषध विकण्याचा हक्क स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने घेतला. कंपनीपुढे अडचण होती. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांवर मनोविश्लेषणाचा मोठा पगडा होता. बालपणीच्या आठवणींमधून उद्भवलेला आजार गोळीने कसा बरा होईल, असा त्यांचा प्रश्न होता. उलटीबद्दल मात्र कुणाचा वाद नव्हता. ती मोजता येते, थांबली की दिसते. म्हणून कंपनीने सरकारी परवानगीसाठी उलटीचा रस्ता धरला. मार्च १९५४ मध्ये थोराझिन या नावाने परवानगी मिळाली आणि थोड्याच काळात हे औषध राज्याराज्यांच्या वेड्यांच्या इस्पितळांत पोचलं. कॅनडात मॉन्ट्रियलचे हाइन्झ लेहमन यांनी त्याच वर्षी आपल्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापले.

जगातल्या पहिल्या मनोविकारविरोधी औषधाला अमेरिकेच्या दारातून आत यायला उलटीची ओळख सांगावी लागली, हे विसरण्यासारखं नाही. आपण मेडिकलवाल्याला दबक्या आवाजात जे सांगतो, तेच एका बड्या कंपनीने सरकार दरबारी केलं होतं.

मूळ सांगाडा तोच ठेवून शेपटी बदलत गेल्यावर रोन-पूलांकच्या प्रयोगशाळेतूनच प्रोक्लोरपेराझिन निघालं. त्याने गुंगी कमी येते, रक्तदाब कमी उतरतो आणि उलटीवर त्याची मात्रा अधिक लागू पडते. अमेरिकेत १९५६च्या सुमारास ते कॉम्पाझिन म्हणून आलं. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे मे अँड बेकर कंपनीचं स्टेमेटिल म्हणून रुळलं. मनोविकारासाठी पुढे आणखी नवी औषधं आली आणि प्रोक्लोरपेराझिन त्या कामातून मागे पडलं. उलटी आणि चक्करेचं काम तेवढं त्याच्याकडे राहिलं. त्यामुळे आज ते घराघरांत आहे आणि त्याचं दुसरं घर कुठलं, हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

दिल्लीचे हकीम, मुंबईचे डॉक्टर

ही गोष्ट फक्त युरोपची आहे असं कुणी मानू नये. क्लोरप्रोमाझिन तयार होण्याच्या वीस वर्षं आधी आपल्या देशात मनोविकारावरच्या औषधाचा शास्त्रीय शोध सुरू झाला होता.

सर्पगंधा ही वनस्पती कोकणात अडकई म्हणून ओळखतात. युनानीत तिला असरोल म्हणतात. उन्मादावर आणि झोप न येण्यावर वैद्य आणि हकीम तिचं मूळ देत आलेले आहेत. बिहारकडे तिचं लोकांतलं नावच ‘पागल की दवा’. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असा निबंध छापला.

त्याच वर्षी दिल्लीहूनही एक निबंध आला. हकीम अजमल खान यांना आपण काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे एक संस्थापक म्हणून ओळखतो. ते आधी तबीब होते, घराणंच हकिमांचं. आपल्या औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. परंपरा खरी असेल तर तिला तपासणीचं भय कशाला, ही त्यामागची भूमिका. त्यांनी दिल्लीच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजातल्या संशोधनासाठी सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुणाची निवड केली. सिद्दिकी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये रसायनशास्त्र शिकून आले होते. १९२७च्या डिसेंबरात हकीमसाहेबांचं निधन झालं, पण काम थांबलं नाही. सलीमुज्जमान आणि रफत हुसैन सिद्दिकी यांनी असरोलच्या मुळापासून अनेक अल्कलॉइड वेगळे काढले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यातल्या एकाचं नाव त्यांनी ठेवलं अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांमधला एक दुर्मीळ जन्मजात दोष शोधून काढायला आजही युरोपातले डॉक्टर अजमलीन वापरतात. हे नाव एका हकिमाचं आहे, हे तिथल्या किती जणांना माहीत असेल?

१९४९ साली मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधाचा रक्तदाबावरचा अनुभव मांडला. ते के.ई.एम.शी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ होते. या निबंधामुळे पाश्चात्त्य जगाचं लक्ष या मुळाकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं आणि न्यू यॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. म्हणजे एकाच वर्षी अमेरिकेच्या इस्पितळांत दोन औषधं आली. एक रंगाच्या कारखान्यातून निघालेलं, दुसरं आपल्या रानातलं.

१९५७चा लॅस्कर पुरस्कार वैद्यकातला फार मोठा सन्मान मानला जातो. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत लाबोरी, देनिकेर, लेहमन आणि क्लाइन होते आणि त्यांच्यासोबत मुंबईचे रुस्तम जाल वकीलही होते. एका पारशी डॉक्टरचं नाव त्या यादीत आहे. त्याच्यामागे कलकत्त्याचे वैद्य आणि दिल्लीचे हकीम उभे आहेत. आज परंपरेच्या नावाने एकमेकांना हिणवण्याच्या दिवसांत ही यादी पुन्हा वाचावी अशी आहे.

दोन्ही गुण एकत्र का?

उलटी आणि भ्रम यांचा संबंध काय, याचं उत्तरही या दोन औषधांनी मिळूनच दिलं. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन तयार करतं. ससे पुन्हा उठले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, हे यातून पुढे आलं. १९६३ मध्ये कार्लसन यांनीच दाखवलं की क्लोरप्रोमाझिन डोपामिनचा साठा संपवत नाही, तर त्याचा निरोप घेणारी जागा अडवतं. थोडक्यात, सर्पगंधाने कोठार रिकामं केलं आणि क्लोरप्रोमाझिनने दाराला कडी घातली. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

आपल्या मेंदूच्या तळाशी एक छोटी चौकी आहे. मेंदूला रक्तातल्या विषारी पदार्थांपासून वाचवणारी जी भिंत असते, ती या ठिकाणी मुद्दामच सैल आहे. रक्तात विष आलं की ही चौकी ओळखते आणि उलटीचा हुकूम देते. तो निरोपही बराचसा डोपामिनवरून जातो. अपोमॉर्फिन हे डोपामिनची नक्कल करतं, म्हणून कुर्व्हाझिए यांचे कुत्रे ओकत होते. औषधाने चौकीवरची जागा अडवली की उलटी थांबते. मेंदूत आणखी आत, जिथे डोपामिनच्या अतिरेकाने नसलेले आवाज खरे वाटू लागतात, तिथली जागा अडवली की ते आवाज मंदावतात. मनोविकारात डोपामिन एवढंच कारण असतं असं नाही, हे आता कळलेलं आहे. पण एवढं पक्कं, की ज्या निरोप्यामुळे पोट ढवळतं, तोच मनाच्या गोंधळातही सामील आहे. मग एकाला आजार म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘बाहेरचं’, ‘साया’ किंवा ‘आसेब’, याला आधार कुठला?

औषधाची किंमत

या औषधाचं गुणगान करून थांबणं बरोबर होणार नाही. डोपामिन हालचालींवरही ताबा ठेवतं. म्हणून या घराण्यातलं औषध, विशेषतः लहान मुलांना आणि तरुणांना, कधी कधी विचित्र त्रास देतं. मान एका बाजूला वळते, जबडा आखडतो, डोळे वर फिरतात आणि तिथेच अडकतात. उलटीचं इंजेक्शन किंवा गोळी दिल्यानंतर काही तासांत हे घडतं. माणूस शुद्धीवर असतो आणि घाबरून जातो. घरातल्यांना हे अंगात आल्यासारखं दिसतं. लिंबू उतरवला जातो, तावीज बांधला जातो. खरं तर इस्पितळात प्रोमेथाझिनसारखं एखादं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात मान सरळ होते. त्याच घराण्यातला थोरला भाऊ धाकट्याने केलेला घोळ निस्तरतो. म्हणून असं काही दिसलं तर आधी विचारावं, आज याला कुठली गोळी दिली होती?

दुसरा त्रास सावकाश येतो. वर्षानुवर्षं हे औषध घेणाऱ्या काहींच्या ओठांच्या, जिभेच्या हालचाली आपोआप होत राहतात आणि औषध बंद केल्यावरही त्या थांबतीलच असं नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीसच डॉक्टरांनी हे नोंदवलं होतं. चक्करेसाठी म्हणून महिनोन्‌महिने स्टेमेटिल घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरू लागतात, चाल मंदावते आणि घरचे पार्किन्सन समजून बसतात. ही गोळी काही दिवसांपुरती असते. ती रोजची सवय करायची नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना अशी औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेत २००८ पासून या औषधांवर छापला जातो.

तिसरी किंमत सत्तेने वसूल केली. रुग्ण बरा व्हावा म्हणून नव्हे, तर वॉर्ड गप्प राहावा म्हणून भरमसाट औषध देण्याचे प्रकार अनेक देशांत झाले. सोव्हिएत संघात सरकारला विरोध करणाऱ्यांना मनोरुग्ण ठरवून अशी औषधं टोचली गेली. गणितज्ञ लिओनिद प्ल्युश्च यांना १९७०च्या दशकात याच वर्गातलं हॅलोपेरिडॉल दिलं गेलं. अमेरिकेत सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली सुमारे ५ लाख ५८ हजार माणसं होती. वीस वर्षांत ती दोन लाखांच्या खाली आली. त्यात औषधाचा वाटा होता, तसाच सरकारच्या खर्चकपातीचाही. बाहेर पडलेल्यांना घर, काम, पाठपुरावा मिळाला नाही आणि त्यातले कितीतरी फुटपाथवर नाहीतर तुरुंगात पोचले. गोळीने दार उघडतं, पण दाराबाहेर कुणीतरी उभं असावं लागतं.

साखळीची सबब

मुस्लिम जगाने बिमारिस्तान उभारले, त्यांत मनोरुग्णांसाठी वेगळी जागा ठेवली, याचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्त आहे. पण बाराव्या शतकात दमास्कसला गेलेल्या इब्न जुबैर या प्रवाशाने तिथल्या बिमारिस्तानात मनोरुग्णांवर उपचार होतात हे लिहिताना, ते साखळ्यांनी बांधलेले असतात हेही लिहून ठेवलं आहे. युरोपातही साखळ्या होत्या. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात त्या अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होत्या. तेव्हा साखळीमागे कुठल्या एका धर्माचा दोष नव्हता, लाचारी होती. पिसाटलेल्या माणसाला स्वतःपासून आणि इतरांपासून वाचवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

ती सबब १९५२ मध्ये संपली. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एर्वाडी इथे, तिथल्या प्रसिद्ध दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. त्यांना पळता आलं नाही. क्लोरप्रोमाझिन तेव्हा पन्नास वर्षांचं झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९७७ पासून, म्हणजे पहिल्याच यादीपासून आहे. ते स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळू शकतं. एर्वाडीला ते पोचलं नाही. त्यात घरच्यांची लाज होती, दर्ग्याभोवतीचा धंदा होता आणि सरकारची बेपर्वाईही होती. एर्वाडीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली आहे.

यावर दर्ग्यांना टाळं लावा, असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे दिसत नाही, की गरीब कुटुंबाला आपल्या माणसाला घेऊन न लाजता जाता येईल, अशी ती एकच जागा असते. तिथे हिंदूही येतात, मुसलमानही. प्रश्न विचारले जात नाहीत, जेवण मिळतं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर २००८च्या सुमारास वेगळा मार्ग निघाला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारांचा दवाखाना सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं. दुआ मागून झाली की मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतात. या उपक्रमाचं नावच ‘दवा आणि दुआ’. आजार झाला तर औषध घ्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण प्रसिद्धच आहे. मुजावरांना त्यासाठी आपली श्रद्धा सोडावी लागली नाही.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. घरबसल्या सल्ला हवा असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा फोन उचलते, मराठीतही बोलते. हाजीमलंगच्या डोंगरावर आणि गावोगावच्या दर्ग्यांवर जी माणसं भोवंडलेल्या मुलाचा हात धरून येतात, त्यांना हा क्रमांक कुणी सांगितला, तर त्यात दर्ग्याचा मान कमी होणार नाही. उलटीची गोळी शेजारणीला देताना आपला आवाज जसा नेहमीचा असतो, त्याच आवाजात एवढं सांगायचं आहे.